बापाच्या नावासकट

"आजचा पुकारा दुसऱ्या कुणाला तरी करू दे की," हेडक्लार्क दबक्या आवाजात म्हणाले. "तुम्ही घरी जा. तब्येत बरी नाही म्हणून सांगतो मी साहेबांना."

"कुणीही केला तरी नाव तेच येणार ना," शिपाई म्हणाला आणि पट्टा सारखा करून कोर्टाच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

उभी हयात त्याने या दारात पुकारे करण्यात घालवली होती. आवाज असा खणखणीत, की खाली आवारात चहा पीत बसलेला आरोपीही कप टाकून जिना चढू लागे. आज एका घरफोडीचा निकाल होता आणि आरोपी त्याचा मुलगा होता.

दाराशेजारच्या बाकावर एक म्हातारी येऊन बसली होती. फोडलेलं घर तिचंच. तिच्या साक्षीच्या दिवशी तो मुद्दाम रजेवर राहिला होता, त्यामुळे ती त्याला ओळखत नव्हती. सवयीने त्याने तिला पाणी आणून दिलं.

"बरं झालं बाबा, घसा अगदी कोरडा पडला होता," ती म्हणाली. मग आपणहूनच बोलायला लागली. "पाण्याचं मशीन दुरुस्त करायला यायचा तो. काकू काकू करायचा. दागिने गेले ते गेले हो. पण ह्यांचे कपडे मी कपाटात जपून ठेवले होते. ते सगळे खाली फेकले न् त्यावरून बूट घालून चालला. अजून झोपताना दाराला खुर्ची लावते मी."

तिचा रिकामा पेला हातात घेऊन तो उभा राहिला. मुलाला नोकरी लागली तेव्हा ते बूट त्यानेच घेऊन दिले होते.

आतून घंटी वाजली. त्याने पुकारा केला. आधी मुलाचं नाव, मग स्वतःचं, मग आडनाव. व्हरांड्याच्या टोकापर्यंत त्याचंच नाव घुमत गेलं. मुलगा मान खाली घालून वर आला आणि त्याच्या अंगावरून आत गेला.

गुन्हा शाबीत झाला. शिक्षेबद्दल काही म्हणायचंय का, असं न्यायाधीशांनी विचारलं. वकील उठले. "दिवसाची घरफोडी आहे, साहेब. हत्यार नव्हतं. पहिलाच गुन्हा. आणि आरोपीचे वडील याच कोर्टात शिपाई आहेत. त्यांना दोन शब्द बोलायचेत."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. आत येऊन बसलेल्या म्हातारीचीही.

असे हात जोडणारे बाप त्याने किती पाहिले होते! जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या शिपायांसमोर तो त्यांची नक्कल करायचा, हसून हसून सगळ्यांची पोटं दुखायची. आज निघताना बायको म्हणाली होती, "तुम्ही तोंड उघडा, बास. मला दुसरं काही नको."

तो पुढे आला. ओठ हलले.

"मोठ्याने बोला," न्यायाधीश म्हणाले. "ऐकू येत नाही."

"शिक्षा कमी करा, साहेब." हात आपोआप जोडले गेले होते. "पोरगं चुकलं. पदरात घ्या."

नकलेत तो हेच म्हणायचा, शब्द न् शब्द. हेडक्लार्कांनी डोकं कागदांत घातलं.

"घरफोडी ही नुसती चोरी नसते," न्यायाधीश म्हणाले. "माणसाला स्वतःच्या घरात भीती वाटायला लागते. कायद्यात याला बरीच मोठी शिक्षा आहे. आरोपीचं वय आणि पहिला गुन्हा लक्षात घेऊन दोन वर्षं सक्तमजुरी."

सुटलो, असं बापाला आधी वाटलं. दोनच! आणि मग लक्षात आलं, म्हातारी अजून त्याच्याकडेच बघतेय. आपला चेहरा क्षणभर उजळला होता आणि तो तिने पाहिला होता.

पोलीस मुलाला घेऊन निघाले. "बाबा, आईला..." एवढंच तो म्हणाला.

"सांगतो," बाप म्हणाला.

कोर्ट उठलं तेव्हा म्हातारी जिन्याच्या तोंडाशी थबकली होती. पायऱ्या उंच, कठडा हलणारा. कुणाही वयस्क माणसाला द्यायचा तसा त्याने हात पुढे केला.

तिने त्या हाताकडे पाहिलं आणि खांद्यावरची पर्स काढून पलीकडच्या बाजूला घेतली. मग तिचं तिलाच कसंतरी झालं.

"तुमच्यामुळे नाही हो," ती पुटपुटली. "आता सवयच लागलीय."

भिंतीला तळवा टेकवत ती एकेक पायरी उतरू लागली. ती खाली पोचेपर्यंत तो दोन्ही हात पाठीमागे धरून वरच उभा राहिला.