पळीचा ठोका

थंडी पडली की सदाशिव पेठेतल्या त्या इमारतीचे नळ बोलू लागत. गच्चीवरच्या सोलरचं कढत पाणी गारठलेल्या लोखंडी पायपात उतरलं की टकटक, टकटक, जणू भिंतीत कुणी सुतार बसलाय. हेमाताईंच्या बरोब्बर वर अनंतराव एकटे राहत. पहाटे त्यांनी नळ सोडला की आवाज थेट हेमाताईंच्या देवघरात.

"अहो, जरा बेतानं सोडा की. माझी पोथी चालू असते," त्या एकदा जिन्यात म्हणाल्या होत्या.

"माझी हाडं वाजतात, त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. नळाचं बरं ऐकू येतं तुम्हाला!" मग हसून म्हणाले, "पायपावर काहीतरी वाजवा. ऐकलं की बारीक करतो."

तेव्हापासून तोच शिरस्ता पडला. कारण मार्गशीर्षभर हेमाताईंचं मौन असे. उठल्यापासून पोथी मिटेपर्यंत तोंडातून शब्द नाही. यंदाचं मौन लेकीसाठी होतं. ओवी बाळंतपणाला माहेरी आली होती, आठवा लागला होता, आणि आधीची दोन राहिली नव्हती. "एवढं पार पडू दे, एक दिवस चुकणार नाही," असं हेमाताई देवाला बोलून बसल्या होत्या.

त्या गुरुवारी पोथी उघडली आणि पाईप वाजला. एरवी आवाज भराभर सुरू होऊन मंदावत जायचा. आज तो थांबून थांबून येत होता. ओवीची झोपमोड नको, म्हणून हेमाताई पळी घेऊन न्हाणीघरात गेल्या. पायपाला हात लावला तर गारढोण. कढत पाणी उतरतंय तर हा गार कसा? विचार मनाला शिवला, पण पोथी उघडी टाकून आल्या होत्या. त्यांनी पळीनं ठोकलं.

वरचा आवाज थांबला. नेहमीसारखाच.

पोथी झाली, आरती झाली. ताम्हण विसळायला त्यांनी नळ सोडला, तर फुस्स करून नुसती हवा आली. तेव्हा आठवलं, टाकी धुवायची म्हणून आज पहाटेपासूनच पाणी बंद होतं. रात्री त्यांनीच बादल्या भरून ठेवल्या होत्या, त्याच पाण्यानं अंघोळही केली होती.

मग पाईप कशानं वाजत होता?

ताम्हण हातातून सुटलं. अनंतरावांची जादा किल्ली देवघराशेजारच्या खुंटीलाच असे.

वर न्हाणीघरात बादली कलंडलेली, आणि ओल्या फरशीवर अनंतराव. एक पाय भलताच दुमडलेला, ओठ निळे, मुठीत तांब्या. हेमाताईंनी अंगावरची शाल त्यांच्यावर टाकली आणि खिडकीतून वॉचमनला हाका मारल्या, "समाधान! अरे समाधान, धाव!" इतक्या मोठ्यानं त्या जन्मात ओरडल्या नव्हत्या.

"तुम्ही वाजवलंत ना," अनंतराव पुटपुटले. "म्हटलं, ऐकलं यांनी. येतील. मग उगाच कशाला वाजवायचं... तुमची पोथी."

संध्याकाळी दवाखान्यातच ते वारले. वयही झालं होतं, असं सगळे म्हणाले.

"आई, तुला काय कल्पना?" ओवीनं समजूत घातली.

पाईप गार लागला होता, हे हेमाताईंनी तिलाही सांगितलं नाही.

दुसऱ्या पहाटे त्या पाटावर बसल्या. टाकी भरली होती. अनंतरावांच्याही वरच्या मजल्यावर कुणीतरी नळ सोडला आणि पाईप वाजू लागला. आधी भराभर, मग मंद. पाण्याचाच आवाज. त्यांना कळत होतं.

"आले हो! आले, आलेच!"

पोथी मांडीवरून घसरली. हात खुंटीवर गेला. खुंटी रिकामी होती; किल्ली अनंतरावांचा भाचा घेऊन गेला होता.

वळून पाहिलं तर दारात ओवी, पोटावर दोन्ही हात ठेवून.

"आई," ती हळूच म्हणाली, "तुझं मौन..."

पाईप वाजतच होता.