हाकेचं पदक

घोडदळातल्या दफेदाराला पदक मिळालं ते मागे वळल्याबद्दल. पुढे गेलेल्यांना कोण विचारतो! तोफांवर दौड घालायचा हुकूम कुठल्या शहाण्याने दिला होता कोण जाणे. घोडे तंगड्या तुटून कोसळत होते, स्वार रिकिबीत पाय अडकून फरफटत होते. दफेदाराने एका गोलंदाजाच्या मानेत तलवार घातली ती हाडातच रुतली. त्याच्या छातीवर लाथ मारून त्याने ती ओढून काढली, तोवर माघारीचा बिगुल झाला.

ओढ्यापलीकडे पोचल्यावर त्याने वाचलेल्यांचे चेहरे पाहिले. धाकटा भाऊ त्यांत नव्हता. घरून निघताना भावजयीने एकच मागितलं होतं, "भाऊजी, यांना परत आणा. बाकी काही नको मला."

कुणाला न विचारता तो उलटा फिरला. धुरात हातभर पुढचं दिसत नव्हतं. पण पागेत दोघा भावांची जनावरं कायम शेजारी बांधलेली, आणि जोडीचं जनावर घोडा वासावर शोधतो, हे प्रत्येक स्वाराला ठाऊक असतं. दफेदाराने लगाम मोकळा सोडला.

"चल बाबा, शोध तुझी काळी."

घोडा मेलेल्यांवरून गेला, अर्धमेल्यांवरूनही गेला. एकजण संगीन रोखून आडवा आला. दफेदाराने त्याचं तोंड उभं चिरलं. शेवटी घोडा खिंकाळून थांबला. काळी घोडी पोट फाटून पडली होती, आणि तिच्याआडून उठला तो त्यांच्या तुकडीचा कप्तान!

"साहेब, ही घोडी माझ्या भावाची! तो कुठाय?"

"सकाळी माझा घोडा लंगडायला लागला. त्याने आपली मला दिली, दुसरा घेतला." कप्तानाने दफेदाराच्या रिकिबीचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. "चल, लवकर चल!"

दफेदार सकाळी पहाऱ्यावर होता. त्याला हे कळणार कसं?

तेवढ्यात डावीकडून हाक आली. "दादा!" मग पुन्हा, ताणून, "दादाऽऽ!"

दफेदाराने घोडा तिकडे खेचला. कप्तान पट्टा सोडेना. "सोडा म्हणतो ना!" म्हणत त्याने तलवारीच्या मुठीने कप्तानाची बोटं ठेचली. हाड मोडल्याचा आवाज आला, तरी तो गोचिडासारखा चिकटूनच. मग शेजारी गोळा फुटला आणि घोडा उधळला तो थेट ओढ्याकडे, कप्तानाला फरफटवत. मागे डावीकडे संगिनी चालत होत्या. हाक बंद पडली.

समारंभाला बँड होता, खुर्च्या होत्या. कप्तान छाती फुगवून म्हणाला, "माझी हाक ऐकून हा वाघ मरणाच्या दाढेत परत आला!" टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. बोटांबद्दल त्याने अवाक्षर काढलं नाही. दफेदारानेही पदक छातीवर लावून घेतलं.

सगळे पांगल्यावर भावजय जवळ आली. पदकाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

"भाऊजी, साहेबांची हाक ऐकू आली तुम्हाला. यांनी नव्हती का मारली?"

नाही म्हणणं सोपं होतं. तिलाही तेच ऐकायचं होतं, तिच्या तोंडावर दिसत होतं.

"मारली होती गं," दफेदार म्हणाला. "दोनदा."