मास्तरांचा उजवा पाय

शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांच्या उजव्या पायाने त्या ब्रेकशी असा काही संसार थाटला होता, की गाडीतून उतरलं तरी तो मोडेना. न्हाव्याची कात्री कानाजवळ आली, दाब ब्रेक. सिनेमात पडद्यावरची गाडी वळली, की पुढच्या खुर्चीतला माणूस हातभर उडे. उजवा बूट महिन्याभरात झिजे, डावा नवाकोरा राही. मास्तरांच्या माळ्यावर नुसत्या डाव्या बुटांचा डोंगर होता. खोटं वाटत असेल तर त्यांच्या बायकोला विचारा, झाडून काढायला तिलाच लागायचं.

बायकोनेच त्यांना रविवारच्या ध्यानाला नेलं. आर्याजी, म्हणजे तिथल्या भिक्खुणी, "श्वासाकडे बघा" म्हणत, सगळे डोळे मिटत, आणि कुणी खोकलं की मास्तरांचा पाय फरशीवर धाडकन आपटे.

"श्वासालाही ब्रेक लावता का हो?" आर्याजी हसत.

मग एक पंचाईत झाली. आर्याजींना विहारातून आणणारे आजोबा मुलाकडे राहायला गेले. आर्याजी स्वतः गाडी चालवत नसत, त्यांची ने-आण मंडळींनीच करायची. रविवारी मास्तरांचे वर्ग भरगच्च, ध्यानापुरती कशीबशी तासभर सुटका. उरली बायको, पण स्वतः शेजारी बसल्याशिवाय मास्तर तिला किल्ली देत नसत. लायसन्स होतं तिच्याकडे; परीक्षेला शेजारी साहेब बसले होते म्हणून मिळालं, नवरा बसला असता तर गाडी जागची हलली नसती.

"तुमच्या त्या पायापायी ध्यान बंद पडणार," ती म्हणाली.

"बरं, आजचे वर्ग पुढे ढकलून मी शेजारी बसतो. एकदाही ब्रेक दाबला नाही, तर पुढच्या रविवारपासून किल्ली तुझी."

"आणि दाबलात तर?"

"तर माझी."

"मग मीच जाते विहारात राहायला. रांधा तुम्ही, डावे बूट उकळून खा!"

मास्तरांनी शब्द दिला खरा, पण पायाने कुठे दिला होता? म्हणून ते बूट काढून सीटवर चक्क मांडी घालून बसले. वरून पट्टा आवळला.

"वा! आज आसन लवकर लागलं," मागे बसता बसता आर्याजी म्हणाल्या.

गाडी निघाली. हातगाडी आली, मास्तरांचं पोट आत गेलं. कुत्रं आडवं गेलं, दात करकरले.

"अहो, दात खाऊ नका, मला इंजिनाचा आवाज ऐकू येत नाही."

"मास्तर, जे होतंय ते नुसतं बघा," मागून आर्याजी.

"तेच तर बघवत नाहीये!"

तेवढ्यात थांबलेल्या बसच्या पुढून एक स्कूटर बाणासारखी सुटली. शब्द गेला खड्ड्यात! मास्तरांनी पाय सोडला. म्हणजे सोडायला गेले. पण मांडीखाली तो केव्हाच बधिर होऊन पडला होता, भाड्याने आणल्यासारखा. हलेचना. मास्तरांनी डोळे गच्च मिटले.

गाडी थांबली. अशी अलगद थांबली, की आर्याजींच्या मांडीवरची पिशवीसुद्धा हलली नाही. स्कूटरवाला शिवी देऊन निघून गेला.

"दाबलात?" बायकोने विचारलं.

मास्तरांनी घाम पुसला. "दाबणार होतो गं. पाय आला नाही."

"म्हणजे पायाचं ध्यान साधलं," आर्याजी म्हणाल्या. "मास्तरांचं बाकी आहे."

"ते बसतील निवांत. दाबला नाही म्हणजे नाही," म्हणत बायकोने गिअर टाकला.

पुढच्या रविवारी मास्तर एका नव्या शिकाऊला घेऊन चौकाच्या अलीकडे रांगत होते. समोरून त्यांचीच दुसरी गाडी गेली. बायको स्टिअरिंगवर, आर्याजी मागे, दोघी कशावर तरी खळखळून हसत होत्या. मास्तरांकडे बघायला दोघींनाही सवड नव्हती.

खाडकन ब्रेक लागला. शिकाऊचं कपाळ स्टिअरिंगवर टेकलं.

"मास्तर! समोर तर कुणीच नाही!"

"माहीत आहे," मास्तर म्हणाले, आणि बुटातलं एकेक बोट सैल करू लागले. बायको केव्हाच वळणाआड गेली होती, अंगठा अजून ऐकत नव्हता.