ओळीवरची फुलं

भुंगे मोजायचे नियम सोपे आहेत. ऊन हवं, वारा नको. चर्चच्या फाटकापासून झऱ्यापर्यंत ठरलेल्या ओळीवरून सावकाश चालायचं आणि समोर, हाताच्या अंतरात दिसतील तेवढेच लिहायचे. पाठीमागचा भुंगा कितीही देखणा असला तरी तो आपला नाही. आपण हाताने सोडलेला तर नाहीच नाही. माझा नवरा स्त्रातिस हे नियम स्तोत्रासारखे म्हणायचा. एरवी तो चर्चची पायरी चढत नसे.

तो गेल्यापासून ओळ मी चालते. धुरकट पंखांचा काळा भुंगा ओळीवर दिसून दोन वर्षं झाली होती. तिसरं वर्षही कोरं गेलं की आमची मोजणी मागवणारी अथेन्सची माणसं नकाशावरून ती जात आमच्या डोंगरापुरती पुसून टाकतात. स्त्रातिसने जन्मभर जपलेला भुंगा माझ्या हातून पुसला जावा, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

त्या वसंतात पावसाने उसंत दिली नाही. पहिलं स्वच्छ ऊन पडलं ते गुड फ्रायडेला. मी टोपी घालून निघाले, तर ओळीवर एक फूल नाही. आजूबाजूला गवत होतं, काटे होते, ओळीबाहेर शेळ्यांच्या लेंड्या होत्या. फुलं तेवढी देठापासून नीट कापलेली. ही कात्री कोणाची ते मला विचारावं लागलं नाही.

दरवर्षी गुरुवारी रात्री गावातल्या बायका ख्रिस्ताची पालखी फुलांनी मढवतात आणि शुक्रवारी संध्याकाळी ती गावभर फिरते. या बायकांची मुकादम म्हणजे माझी नणंद पोलिक्सेनी. ती चर्चमध्ये पालखीशेजारी खुर्ची टाकून पहारा देत बसली होती.

"वन्सं, माझी ओळ भादरलीत तुम्ही."

"मग कुठून आणू फुलं? सगळ्या गावाने शेळ्या सोडल्यात. तुझ्याच पट्ट्यात कोणी पाय ठेवत नाही, तिथेच फुलतात. ख्रिस्ताला काय प्लास्टिकची वाहू?"

तेवढ्यात पालखी गुणगुणली.

दर्शनाला आलेल्या दोन म्हाताऱ्यांनी घाईने क्रुसाची खूण केली. मी वाकून पाहिलं. जांभळ्या फुलांच्या झुबक्यात, फुलांबरोबर खुडून आलेली, गुलाबपाण्याने भिजलेली, भुंग्यांची अंगठ्याएवढी राणी. अंग काळं, गळ्याशी पिवळा पट्टा, पंख धुरकट. मी तिथेच गुडघे टेकले. बघणाऱ्यांना ती भक्ती वाटली असावी.

या दिवसांत राणी एकटीच असते. ती जगली तर उन्हाळ्यात तिच्या पोरी ओळीवर येणार, आणि ती मेली तर सगळं तिथेच संपलं. मी पाद्रीबाबांना, म्हणजे पापा-लेफ्तेरिसना, हे समजावून सांगितलं.

"संध्याकाळी मिरवणूक झाली की फुलं वाटतोच आपण," ते म्हणाले. "तोवर पालखीला हात लावायचा नाही. तिलाही कळेल, आज दुःखाचा दिवस आहे."

"संध्याकाळपर्यंत मरेल हो ती. रात्रभर उपाशी आहे, भिजलीय, आणि इथे दगडाचा गारठा."

"आज सगळेच उपाशी आहेत, आर्गिरो."

पोलिक्सेनी खुर्चीतून पुढे वाकली. "ही तीच का गं वहिनी? दादा आजारी असताना खिडकीत बसून जिची वाट बघायचा?"

"तीच."

तिने पदर सावरावा तसा डोक्यावरचा काळा रुमाल सावरला आणि उठली. "बाबा, एक झुबका सुकलाय. बरा नाही दिसत."

"मला तर टवटवीत दिसतोय."

"फुलांचं मी बघते. तुम्ही मेणबत्त्यांचं बघा."

पापा-लेफ्तेरिस मेणबत्त्यांचं बघू लागले. कापूस खुडावा तसा अलगद तिने तो झुबका काढला आणि ओंजळीत धरून बाहेर आणला. पालखीला डाव्या बाजूला भोक पडलं. फाटकाजवळच्या उन्हातल्या दगडावर आम्ही राणीला ठेवलं आणि चमच्यात साखरपाणी दिलं. ती बराच वेळ प्याली. मग अंग थरथरवून तापवलं, जड विमानासारखी उठली आणि थेट माझ्या ओळीवर, काटेरी झुडपाखाली कात्रीतून सुटलेल्या एकुलत्या फुलावर जाऊन बसली. अगदी समोर, हाताच्या अंतरात.

"लिही," पोलिक्सेनी म्हणाली.

"नाही लिहिता येणार. आपण सोडलीय."

"मी दगडावर ठेवली. तिथे ती आपल्या मनाने गेली."

"तरी नाही."

"तुझ्यासाठी देवाची पालखी उघडी पाडली मी, आणि तू शून्य लिहिणार? दादा असता तर लिहिलं असतं त्याने."

"लिहिलं असतं?"

तिने रुमालावरची पाकळी झटकली. "नसतं लिहिलं. उपासात अंडं खाल्लं तर न विचारता बापाला जाऊन सांगणारा तो. फटके खायचा आणि आम्हालाही खायला लावायचा."

मी शून्य लिहिलं. त्या संध्याकाळी पालखी भोकासकट फिरली आणि पोलिक्सेनी सगळी वाट डाव्या बाजूने चालली, भोकासमोर.

त्यानंतर ती मोजणीला माझ्याबरोबर येऊ लागली. माझ्या मागून चालायची आणि मागे दिसलेले भुंगे मला मोठ्याने सांगायची, त्यांचा उपयोग नाही हे माहीत असूनही. मे कोरा गेला, जूनही कोरा गेला. मी रात्री नीट झोपत नव्हते आणि तिच्यावर विनाकारण चिडत होते.

जुलैत झऱ्याच्या अलीकडे, समोरच्या फुलावर एक लहानसा भुंगा बसला. धुरकट पंख, गळ्याशी पिवळा पट्टा. पोलिक्सेनी माझ्या खांद्यावरून वाकली आणि तिचा चेहरा उतरला.

"ही ती नव्हे गं. हिचं बूड पांढरं आहे. आईचं काळं होतं."

"या जातीत पोरी बापावर जातात, वन्सं. बापाचं बूड पांढरंच असतं."

तिने पुन्हा एकदा नीट पाहिलं, क्रुसाची खूण केली आणि डोळे पुसले.

"मग लिही की," ती म्हणाली. "आता कोणाची परवानगी हवीय तुला?"