नऊ तारखेची रेघ

बाईंनी वहीची सुतळी सोडली आणि हातरुमालाने वरची धूळ पुसली.

"एकतीस वर्षं जपलीय तुमच्यासाठी," मिस्त्रीवहिनी म्हणाल्या. "रद्दीवाला कितीदा दारात आला. पण हे जाईपर्यंत सांगत होते, बाईंना लागेल एक दिवस."

मिस्त्री प्रयोगशाळेतली यंत्रं सांभाळत. रोज सकाळी काचा पुसायच्या आणि काय दिसलं ते या वहीत लिहायचं, हा त्यांचा नेम. वर्णपटातली ती नवी रेघ बाईंनी बारा तारखेला पाहिली आणि पारितोषिक मिळालं प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, सरांना. बाईंनी पाहिला तो काचेवरचा डाग, असं सरांनी जगाला सांगितलं. तेव्हापासून बाई भांडत होत्या. नोकरी गेली, लग्न राहिलं, सख्खा भाऊही "ताई, आता पुरे" म्हणून थकला. उद्या पारितोषिक समिती अखेर त्यांचं ऐकणार होती. बाराला काच स्वच्छ होती, एवढा एकच पुरावा हवा होता.

"आयत्या बिळावर नागोबा! सरांचं नाव निघालं की हे असंच म्हणायचे."

बाई हसल्या. बारा तारीख शोधत त्यांचं बोट खाली सरकलं आणि नऊवरच थांबलं.

'उजवीकडे बारीक रेघ. तीनदा पुसली, तरी आहे. नवी वाटते. बाईंना दाखवली. म्हणाल्या, डाग आहे, तुम्ही तुमचं पुसायचं काम करा.'

बाईंना तो दिवस आठवेना. बोलणं मात्र त्यांचंच होतं, आणि त्याहून वाईट हे की आपण ते विसरूनही गेलो.

"सापडलं का, बाई?"

वहिनींच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. अक्षर दिसत नव्हतं. हे एक पान फाडलं असतं, तर कुणाला काही कळलं नसतं.

बाईंनी ते मोठ्याने वाचलं. शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

वहिनींनी चाचपडत वहीवर हात ठेवला.

"हे मला याबद्दल कधी बोलले नाहीत. घरी आले की एकच, रेघ बाईंची, सरांनी चोरली."

"वहिनी, उद्या मी समितीपुढे हेच पान वाचणार आहे."

"मग तुमचं काय राहील?"

बाई सुतळी बांधू लागल्या. गाठ बसेना. शेवटी वहिनींनीच ती चाचपडत बांधून दिली.