आरोहीची हळद

विश्वंभरनं पुतणीच्या हातातला फोन हिसकला, बंडीच्या खिशात घातला आणि वरून खिशावर थाप मारली, बैलाचा सौदा ठरल्यावर मारतात तशी.

"आज सुपारी फुटली की घेऊन जा," तो म्हणाला. "तवरोक न्हाई."

"मोठे बाबा, आज संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा हाय," आरोही म्हणाली. "न्हाई कळवला तर माझी जागा दुसऱ्याला देतील."

"देऊ दे की. तेवढंच पुण्य."

आरोहीची आई मंजुषा स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून हे ऐकत होती. विश्वंभर तिच्या मेलेल्या नवऱ्याचा थोरला भाऊ, म्हणजे तिचा भासरा. भासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही, ही या घराची रीत. लग्न होऊन आल्यापासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. काही सांगायचंच असलं तर लेकीच्या तोंडून सांगायची, आणि तोही तिच्याकडे न बघता वाऱ्याला बोलल्यासारखा बोलायचा.

आता तो वाऱ्यालाच म्हणाला, "सांगा हिच्या मायला, पाव्हण्यासमोर पोरगी नीट बसवा म्हणावं. आपल्यात पोरी परमुलखात कामाला जात न्हाईत."

आरोही परभणीला अन्नप्रक्रिया शिकत होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने व्हिएतनामला जाऊन काम शिकायचं म्हणून तिची निवड झाली होती. तिथल्या एका संस्थेत हळद वाळवण्याच्या नव्या रीती तपासायच्या होत्या. विमानाचं तिकीट, राहणं, जेवण, वरखर्च, सगळं संस्थाच देणार होती. पासपोर्ट कॉलेजानं आधीच काढायला लावला होता. अडलं होतं ते एका होकारापाशी, आणि तो होकार विश्वंभरच्या खिशात होता.

मंजुषानं चुलीवरचं पातेलं उतरवलं. ती स्वतः बारावीचा निकाल लागायच्या आधीच या घरात आली होती. निकाल काय लागला, ते तिला पुढं कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

सकाळीच अंगणात शिजवलेली हळद पालथी-उलथी करताना आरोही मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. मैत्रिणीची निवड थायलंडला, मासे साठवण्याच्या कामाला झाली होती. "तुझे मासे तिकडं," आरोही हसून म्हणाली होती, "माझी हळद व्हिएतनामला हाय गं. पुढच्या महिन्यात. सगळा खर्च त्यांचाच!" भिंतीपलीकडं शेजारीण गोजरबाई भांडी घासत होती. तिचे हात थांबलेले मंजुषानं पाहिले होते. गोजरबाईच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे गावाला ठाऊक होतं.

दुपारी वाशिमकडचे पाव्हणे आले. मुलाचे वडील रामकिशन खुर्चीवर बसले, पण टेकले नाहीत. पाणी घेतलं नाही. चहाच्या कपाकडं त्यांनी मेलेल्या उंदराकडं बघावं तसं बघितलं.

"सुपारी राहू द्या," ते म्हणाले. "आधी हे सांगा, पोरीची हळद कुठं हाय?"

विश्वंभर खुलला. "हळद? ही काय, अंगणातच! औंदा लई चांगली पिकली. बघा ना, कसा रंग हाय."

"मस्करी करता काय हो?" रामकिशन उठूनच उभे राहिले. "कनेरगाव नाक्यावर चहाले थांबलो, तं तिथं तुमच्या गावची माणसं सांगून राहिली. पोरीची हळद परदेशात ठरली, खर्च बी तिकडचाच. पोरगी तिकडं देता अन् सुपारी आमच्या हातावर ठेवता?"

"आँ? तसं न्हाई पाव्हणं, ते शिकायचं काम हाय. ही खायची हळद..."

"खायची हळद पाह्याले कोणी पैसे भरून इमानात बसवून नेते? आमाले काय येडं समजता? पोरीच्या मायले बोलवा. ती सांगन."

विश्वंभरनं दाराकडं पाहिलं. "सांगा तिला," तो वाऱ्याला म्हणाला, "दारातूनच मान हलवून न्हाई म्हण म्हणावं."

मंजुषा दारातून बाहेर आली. डोक्यावरचा पदर तिनं सावरला नाही. ती थेट विश्वंभरच्या डोळ्यात बघून बोलली, आणि तिचा आवाज ऐकून तो दचकला.

"व्हय. हळद तिकडंच हाय. पुढच्या महिन्यात. खर्च त्यांचाच."

"आई!" आरोही ओरडली.

रामकिशननं चपला घातल्या. "थू तुमच्या जिनगानीवर," एवढं म्हणून ते निघाले. गाडी वळताना चाक वाळत्या हळदीवरून गेलं.

विश्वंभर अंगणाच्या मधोमध उभा होता. बाई एक शब्दही खोटं बोलली नव्हती, आणि तेच त्याला गिळता येत नव्हतं. त्यानं खिशातून फोन काढला आणि फरशीवर आपटला.

"घे! आता हितं कोण कुत्रं इचारणार हाय तुला? जा, तिकडंच मर. माघारी या दारातून येऊ नको. आन् ही तुझी माय, आज तिला वाचा फुटली ना, आजपासून तिची चूल अलग."

तो फाटक आपटून गेला.

आरोहीनं फोन उचलला. काचेवर कोळ्याचं जाळं उठलं होतं, पण उजेड येत होता. तिनं आईकडं रागानं बघितलं.

"तू काहून असं बोललीस? मी त्यांना समजावून सांगितलं असतं. आता गाव म्हणंल, पोरगी परदेशात हळद लावून आली. परत आल्यावर मला कोण करून घेईल?"

"कुणीच न्हाई, बहुतेक."

"आन् तुला काहीच न्हाई वाटत?"

"वाटतं. तू आल्यावर रडू दोघी. आधी कळव."

"माझ्याशी बोलू नको तू."

"नको बोलू. कळव."

आरोही आईकडं पाठ करून बसली. फुटक्या काचेवर बोट कापत होतं, तरी तिनं एक-एक अक्षर दाबत होकार धाडला.

भिंतीवर गोजरबाईचं डोकं आलं. "मंजुषा, पाव्हणे काहून माघारी गेले गं? च्या बी न्हाई घेतला म्हणे?"

मंजुषा चाकाखाली चेंदलेली हळद सुपात गोळा करत होती. तिनं वर बघितलं नाही.

"हळद वाळंना औंदा, गोजरबाई. तुमच्या भिंतीकडून लई ओला वारा येतो."