येर्नेयने कापलेले दार

एक लोखंडी दार आपली कहाणी सांगते आहे, म्हणून हसू नका, मित्रांनो. गुहेच्या तोंडाशी उभे राहून मी माझा सारा जन्म काढला. आता बिजागऱ्या कुरकुरतात, अंगभर गंज चढला आहे. पण जे घडले ते मला स्वच्छ आठवते. त्यात माझीही चूक होती, तीसुद्धा सांगतो.

माझा जन्म स्लोव्हेनियातल्या स्कालना गावी, येर्नेय लोहाराच्या भट्टीत झाला. गावामागच्या गुहेत दर हिवाळ्यात शेकडो लहान वटवाघळे उलटी लटकून झोपत. आणि दर नाताळच्या दुसऱ्या दिवशी गावातली गाणारी मंडळी मेणबत्त्या घेऊन आत गायला जात. गुहेत आवाज असा घुमे की आठ जणांचे ऐंशी वाटत. येर्नेय खर्जात गाई आणि वर्षभर त्याच दिवसाची वाट पाही.

एका फेब्रुवारीत गाण्याची तालीम चालू असताना शाळेच्या तोंचकाबाई आत आल्या. त्यांनी मेजावर रुमाल उलगडला. त्यात अकरा मेलेली वटवाघळे होती.

"बाई, इथे जेवतो आम्ही!" मंडळींचा म्होरक्या मातेव्झ ओरडला. "आणि आता उंदरांपायी नाताळ सोडायचा की काय?"

"उंदीर नाहीत हो ते," बाई म्हणाल्या. "थंडीआधी अंगावर चरबी चढवतात आणि तेवढ्यावर मार्चपर्यंत काढतात. तुम्ही गायलात की ती जागी होतात. जागं व्हायचं म्हणजे गार पडलेलं अंग तापवायचं. कित्येक आठवड्यांची शिदोरी तुमच्या चार गाण्यांत संपते. मग बाहेर बर्फ, आणि खायला एक किडा नाही."

येर्नेयने एक वटवाघूळ तळव्यावर घेतले. त्याच्या नाकावर घोड्याच्या नालेसारखी घडी होती.

"अरे, ही तर नाल ठोकूनच जन्माला येतात," तो म्हणाला. "आणि मी लोहार असून यांना मारत आलो." त्याच आठवड्यात त्याने मला घडवायला घेतले.

आमच्या भागात बुर्या नावाचा वारा सुटतो. तो कौले उडवतो, माणसे लोळवतो. त्यामुळे चांगले दार म्हणजे ज्यातून वारा शिरत नाही ते, असे इथे प्रत्येकजण आईच्या मांडीवरच शिकतो. येर्नेयने मला तसेच केले. जाड अखंड पत्रा, कडेला कुठे फट नाही. वटवाघळांसाठी वरच्या बाजूला हातभर लांबीची एक चीर तेवढी ठेवली. ऑगस्टमध्ये मला बसवले, तेव्हा पाद्रीबाबांनी पाणी शिंपडले, अक्रोड भरलेला आमचा सणाचा गोड पाव, पोतित्सा, कापला गेला. मातेव्झसुद्धा म्हणाला, "मुंगी शिरायची नाही, येर्नेय!" माझी छाती फुगली.

ऑक्टोबरात वटवाघळे आली. दिवस मावळताना ती माझ्यासमोर घिरट्या घालू लागली. त्या चिरेतून पंख पसरून जाता येईना. काही माझ्यावर आपटली. इतका हलका आवाज, की वाळलेले पान पडल्यासारखा. मी दार, मला स्वतःला उघडता येत नव्हते. गावातले कोणी तिकडे फिरकले नाही, कारण सगळ्यांनी बाईंना वचन दिले होते की गुहेपाशी जायचे नाही. सगळे वचन पाळत होते. थोडीफार आत पोचली. पण वारा अडल्यामुळे आतली हवा कोंदट झाली होती. चार-आठ दिवसांत तीही बहुतेक निघून गेली.

फेब्रुवारीत बाईंनी आत जाऊन मोजणी केली. आदल्या वर्षी दोनशे बारा होती. आता सात.

"काढून टाका ते दार," मातेव्झ म्हणाला. "आम्ही गात होतो तेव्हा निदान दोनशे तरी होती!"

बाई दगडावर बसून रडल्या. येर्नेय तीन दिवस भट्टीपाशी गेला नाही. चौथ्या दिवशी तो करवत घेऊन माझ्यासमोर उभा राहिला.

"बाई, पंख केवढे असतात ते सांगा," एवढेच तो म्हणाला.

मित्रांनो, करवत चालली की लोखंडालाही लागते. पण माझ्यापेक्षा त्यालाच जास्त लागत होते. स्वतःच्या हाताने केलेले सर्वांत चांगले काम तो कापत होता. पत्रा गेला, त्या जागी आडवे गज आले. मधून वटवाघूळ पंख पसरून जावे आणि माणूस अडावा इतक्या अंतरावर.

"येर्नेय, दार केलंस की चाळणी?" लोक विचारत.

"चाळणीच. तुझ्यासारखं जाडं वरच राहतं."

वरून असा हसे, पण मनातून तो खचला होता. पहिल्या हिवाळ्यात बारा आली. पुढच्या वर्षी नऊच. तरी त्याने दर सप्टेंबरात माझ्या बिजागऱ्यांना तेल घालणे सोडले नाही. मग एकतीस झाली. मंडळी आता देवळाच्या अंगणात गात; उघड्यावर आवाज बसतो, असे मातेव्झ अजूनही कुरकुरे.

सातव्या वर्षी येर्नेयची नजर पार गेली होती. ऑक्टोबरात एका संध्याकाळी बाईंनी त्याला हाताला धरून आणले. त्याने माझा गज मुठीत धरला. आणि ती आली. एकामागून एक, त्याच्या बोटांवरून वारा घालत आत शिरली.

"मोजताय ना, बाई?"

"एकशे चाळीसपर्यंत मोजली. मग डोळे भरले, चुकलं. थांबा, बत्ती लावून आत बघते."

येर्नेयने अंदाजाने त्यांचा हात धरला. "नको. टेकू द्या त्यांना."

वीस वर्षे मोजणी करणाऱ्या बाईंनी बत्ती परत पिशवीत ठेवली. दोघे पाय न वाजवता उतरून गेले.

मित्रांनो, हिवाळ्यात एखाद्या गुहेपाशी गेलात, तर आत डोकावण्याचा मोह तुम्हालाही होईल. तुमचा हेतू चांगलाच असेल. आमच्या गावचाही होता. म्हणून एवढेच मागतो, माया करण्याआधी जाणत्याला विचारून घ्या, आणि आत कोणी झोपले असेल तर बाहेरूनच परत फिरा.